शिक्षणानंतरच्या मुदतीचा हिशेब
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या परभणी जिल्ह्यातील मुलेमुली व्यवसाय-व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी परदेशाची वाट धरू लागली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु या शिक्षणापायी घर वा शेत गहाण टाकण्याची पाळी येते. म्हणून शिक्षण संपल्यावर तेथे नोकरी करण्याची जी परवानगी मिळते, तिचे स्वरूप पालकांनी आधी जाणून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

इंग्लंडने अशी परवानगी २०१२ साली बंद केली आणि १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने पुन्हा सुरू केली. एम.बी.ए. झालेल्यास प्रारंभी तीत दोन वर्षे ठेवली होती; १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांस अठराच महिने ठरविले आहेत. तीस मुदतवाढ नाही. पुढे राहावयाचे तर मान्यताप्राप्त मालकाने नोकरीस घेतले पाहिजे. अमेरिकेत बारा महिने मिळतात. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तरच आणखी चोवीस. आणि पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक बेकारी चालत नाही. त्यापुढील एच-१बी परवान्यासाठी अर्ज फार, जागा थोड्या. निवड सोडतीने होते.

रानात वापसा आला म्हणजे पीक घरात आले, असे आपला कोणताही शेतकरी मानीत नाही. पेरणीची संधी तेवढी मिळते, तीही थोडे दिवस. ही परवानगीही तशीच आहे. ती नोकरीची हमी नव्हे. सबब कर्ज काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या. अभ्यासक्रम कोणत्या यादीत मोडतो, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. आणि हप्त्यांचा हिशेब परदेशी पगारावर न करता, परत आल्यावर येथे मिळेल त्या पगारावर करावा. तो बसत नसेल, तर जमिनीचे कागद सावकाराच्या वा बँकेच्या हाती देऊ नयेत.

मुदतीचा हा जाच नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असता १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली व अभ्यास अर्धा ठेवून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. मुदत संपली म्हणून विद्या संपत नाही. तेव्हा मुदतीअंती परतलेल्या मुलामुलींस कोणी हिणवू नये. त्यांच्या विद्येचा उपयोग येथे कसा होईल, हे पाहावे.