टाळी, भिंत आणि टाकी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सगळे नोकरी-संसाराबद्दल बोलले. मी आमच्या गावच्या टाकीबद्दल बोलणार आहे. हसू नका.

तीन वर्षांपूर्वी टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला माझे वडील लोखंडी शिडीवर चढले आणि पडले. वय ७८, मनगट मोडलं. मी पुण्यात. फोनवरून सांगून ऐकतील ते आमचे दादा कसले! म्हटलं, पाण्याची पातळी खाली स्वयंपाकघरातच दिसली पाहिजे.

बाजारात दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळतो. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते सांगतो. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटिमीटर. सर, तुम्ही नववीत आम्हाला मैदानावर नेऊन भिंतीसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. १७ मीटरच्या आत प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, हे तिथेच कळलं. हे तेच, फक्त कान यंत्राचा.

झाकणाला सेन्सर लावला, आर्डुइनो जोडला, खाली आकडा दिसू लागला. मी खुशीत पुण्याला परतलो. आठवड्याने आईचा फोन : आकडा म्हणतोय टाकी भरलेली, नळाला थेंब नाही, आणि दादा पुन्हा शिडीवर!

त्या रात्री झोप लागली नाही. चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा होता.

गावी गेल्यावर चूक सापडली. सेन्सरच्या समोरच पाणी भरायचा पाइप येत होता. सर, तुम्ही आम्हाला सायकल स्टँडपासून लांब उभं केलं होतं, "जवळचं आधी उत्तर देतं" म्हणून. तेव्हा ते वहीत उतरवलं होतं, डोक्यात नाही. जागा बदलली. वाफेने उघडा सेन्सर खराब होतो, म्हणून जलरोधक घेतला. त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं कळत नाही, पण आमचा ओव्हरफ्लो झाकणापासून फूटभर खाली, म्हणून निभावलं. एका मापावर विश्वास न ठेवता दर वेळी नऊ मापं घेऊन मधलं धरतो.

तरी महिनाभर दादा आकडा वहीत लिहून आईला कळशी भरायला लावून ताळा करत होते. मग वही बंद झाली.

शिडीवर आता आईने घेवड्याचा वेल चढवलाय.