आधी वाचा, मग रागवा

(सटाणा येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



कांद्याच्या भावाची आणि पावसाची काळजी घटकाभर बाजूला ठेवून आपण येथे जमलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. मला आज दोन गोष्टींविषयी बोलावयाचे आहे. पहिली ही, की कोणाच्या मनाला लागेल असे लिखाण लोकांपुढे ठेवताना आधी इशारा द्यावा की नाही. दुसरी ही, की तसे लिखाण पुढे आले म्हणजे राग करावा तो कोणत्या रीतीने. हा वाद शहरातल्या शिकल्यासवरल्यांचा, नांगरधाऱ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे, की या वादापायी आपल्या वडिलांची पुस्तके वर्षानुवर्षे अडून राहिली, आणि आपल्या शेजारच्या तालुक्यात पाच गरीब माणसांचे प्राण गेले. तेव्हा हा वाद आपलाच आहे.

प्रथम इशाऱ्याचे पाहू. फवारणीच्या औषधाची बाटली आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हा त्रिकोण आपल्याला औषध वापरू नका असे सांगत नाही. तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या उलट उभे राहू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, एवढेच तो सांगतो. पुस्तकावरचा, नाटकावरचा किंवा भाषणाआधीचा इशारा याच जातीचा असावा. पुढे काय आहे ते आधी कळावे, आणि पाहावे की न पाहावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

ही रीत काही परदेशातून आलेली नाही. शिमग्याला गावात जी बोंब चालते ती दुसऱ्या दिवशी चालत नाही, हे पोरसोरही जाणते. यात्रेत तमाशाच्या तंबूवर फलक असतो. आत काय आहे ते ठाऊक असूनच माणूस तिकीट काढतो. कीर्तनाला आणि वगाला एकच श्रोता बसतो, पण कोठे काय ऐकावयाचे हे त्याला आधीच माहीत असते. आपल्या गावगाड्याने स्थळ आणि काळ पाहून बोलण्याची सोय पूर्वीपासून करून ठेवलेली आहे.

शाळेतही मी हीच रीत पाळतो. दलित लेखकांच्या आत्मकथनांतील उतारे मुलांना वाचून दाखवावे असे मला वाटते, कारण ते वाचल्यावाचून या देशातल्या माणसाची ओळख पुरी होत नाही. परंतु त्यांत जातीवरून दिलेल्या शिव्या जशाच्या तशा असतात. आणि वर्गात अशी लेकरे असतात, की ज्यांच्या आजोबांनी त्या शिव्या खाल्ल्या. म्हणून मी आदल्या दिवशीच सांगतो, की उद्याच्या उताऱ्यात अमुक प्रकारचा शब्द आहे, तो कोणी कोणास व कशासाठी म्हटला ते आपण पाहणार आहोत, आणि ज्याला मोठ्याने वाचावयाचे नसेल त्याने वाचू नये. एवढे सांगितल्याने उतारा मवाळ होत नाही. उलट वर्ग नीट कान देऊन ऐकतो. ज्याच्या अंगावर घाव आहे त्याला धक्का देण्याआधी हाक मारावी, ही साधी माणुसकी होय. तिला मनाचा दुबळेपणा म्हणणाऱ्याने आपल्या अंगावर तसा घाव आहे काय, हे आधी पाहावे.

पण इशाऱ्यालाही मर्यादा आहे. उद्या दुकानदाराने गुळाच्या ढेपेवरही तांबडा त्रिकोण चिकटविला, तर शेतकरी त्रिकोण पाहण्याचेच सोडून देईल, आणि मग खऱ्या विषाच्या बाटलीवरचाही त्याला दिसणार नाही. दर पानावर सावध, सावध असे ओरडणारा लेखक हेच करतो. शिवाय इशारा कोण लिहितो हेही पाहावे लागते. वाचकाच्या काळजीने लिहिला तर तो इशारा. वाचकाने ते पुस्तक हातातच घेऊ नये म्हणून लिहिला तर ती बंदी. आपल्या लोकांच्या लिखाणावर असे शिक्के पुष्कळ बसले. शिवराळ, गावंढळ, असभ्य, असे म्हणून ते बाजूला सारण्यात आले.

त्यातली दुःखाची गोष्ट अशी, की हे शिक्के केवळ परक्यांनीच मारले नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’ पत्रात छापून आली, आणि पुढची छापण्याचे थांबले. लोखंडे हे काही शत्रू नव्हते. गिरणीकामगारांसाठी झिजलेला तो मोठा माणूस. पण असुडाचे फटके सरकारला आणि वजनदार लोकांना झोंबतील, ही धास्ती आपल्याच छापखान्यात शिरली. जोतीरावांनी ती प्रकरणे गावोगावच्या लोकांना जमवून वाचून दाखविली, म्हणून ती निदान कानावर तरी गेली. पूर्ण ग्रंथ लोकांच्या हाती पडावयास कित्येक वर्षे जावी लागली. तो ग्रंथ कोणासाठी होता? आपल्यासाठी. म्हणजे दुसऱ्याच्या रागाच्या भीतीने तोटा झाला तो आपला.

तीच गत ताराबाई शिंद्यांची. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना आरशापुढे उभे केले. गहजब झाला, आणि त्यात सत्यशोधक म्हणविणारेही मागे राहिले नाहीत. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये बाईंची बाजू घेतली. परंतु त्या एका पुस्तकानंतर बाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. गहजब करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडले असेल?

मग १९२५ सालचे ‘देशाचे दुश्मन’ घ्या. दिनकरराव जवळकरांनी लिहिले, केशवराव जेध्यांनी प्रसिद्ध केले. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात जी भाषा आहे ती अतिशय कडक आहे. मी ती पोरांपुढे सांगितल्यावाचून वाचणार नाही. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि १९२६ साली अपिलात बॅरिस्टर आंबेडकरांनी वकिली करून ती रद्द करविली. दुखावलेल्या पक्षाने कोर्टाची पायरी चढावी, दुसऱ्या पक्षाने तेथे उत्तर द्यावे, आणि न्यायाधीशाने कागद वाचून निकाल द्यावा, ही रीत कोणाला कितीही वेळखाऊ वाटो, तिच्यात कागद वाचला जातो. जमावाच्या निवाड्यात तो वाचला जात नाही.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यात इशारा आणि राग हे दोन्ही समोरासमोर उभे राहिले. महाराष्ट्र सरकारने १९८७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात हिंदू धर्मातील कोड्यांविषयी त्यांचे लेखन आहे, आणि परिशिष्टात राम व कृष्ण यांच्याविषयीचे प्रकरण आहे. त्यावरून वादळ उठले. मोर्चे निघाले, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या, परिशिष्ट काढून टाका अशी मागणी झाली आणि सरकार त्या बाजूला झुकलेही. तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलित समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी तडजोड झाली ती अशी: परिशिष्ट तसेच राहील, मात्र त्यासोबत टीप असेल, की या प्रकरणातील मतांशी सरकार सहमत नाही.

बंधूंनो, या एका ओळीच्या टिपेचा नीट विचार करा. ज्याला राग आला त्याला सरकारने सांगितले, की हे आमचे मत नव्हे. ज्याला वाचावयाचे त्याच्या हातून एकही पान गेले नाही. बाबासाहेबांच्या लिखाणाला अशी टीप लावावी लागावी, याचे ज्यांना वाईट वाटले त्यांचेही खरे आहे. पण एका पारड्यात टीप आणि दुसऱ्यात फाडलेले पान असेल, तर मी टीप घेईन. टीप वाचून माणूस पुढचे पान उलटू शकतो. फाडलेले पान कोणी उलटू शकत नाही.

इथवर ऐकून आपणांस बरे वाटले असेल, कारण या गोष्टींत दुखावलेले आणि दडपलेले बहुतेक आपण होतो. आता आपल्या घरचे सांगतो. जेम्स लेन नावाच्या परदेशी लेखकाने शिवाजी महाराजांवर एक पुस्तक लिहिले. ते २००३ साली निघाले. त्यात जिजाऊंविषयी निराधार आणि हीन कुजबुज नमूद केलेली होती. कोणाही मराठी माणसाला संताप यावा अशीच ती होती, आणि त्या संतापाबद्दल माझी तक्रार नाही. प्रकाशकाने त्याच वर्षी ते पुस्तक हिंदुस्थानातून मागे घेतले. तरी ५ जानेवारी २००४ रोजी जमाव पुण्याच्या भांडारकर संस्थेत शिरला आणि त्याने तेथली कपाटे, ग्रंथ, पोथ्या यांची नासधूस केली. त्या जमावात स्वतःला बहुजनांचे कैवारी म्हणविणारे होते.

मी विचारतो, त्या दिवशी मोडले काय? लेखकाचे एक अक्षर मोडले नाही. मोडली ती जुनी साधने, जी वाचून उद्या आपल्याच लेकरांनी आपला इतिहास स्वतः लिहावा. ज्या समाजाला हजारो वर्षे पोथीला हात लावू दिला नाही, त्याच्या नावाने कोणी पोथीवर हात उगारावा, यापरते दुर्दैव नाही. पुढे २००७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्या पुस्तकावरील बंदी उठविली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे बंदीही टिकली नाही, आणि नासधूस मात्र आपल्या नावावर राहिली. महाराजांचा मोठा पोवाडा १८६९ साली रचून आपले म्हणणे मांडणाऱ्या जोतीरावांच्या वाटेने जाऊन कोणी लेनला शंभर पानी सडेतोड उत्तर दिले असते, तर ते आज शाळेशाळेतून वाचले गेले असते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या उंबऱ्यापाशी घडली. साक्री तालुक्यातले राईनपाडा आपल्याला दूर नाही. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी खोटी बातमी त्या दिवसांत मोबाइलवर हातोहात फिरत होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने दोषींना जन्मठेप दिली. पाच घरे तिकडे उजाडली आणि तुरुंगात गेलेल्यांची घरे इकडे उजाडली. मारणारेही गरीब आणि मरणारेही गरीब.

यातली बारकाई पाहा. ती खोटी बातमी कोणत्या वेषात आली? शिवीच्या वेषात आली नाही. ती आली इशाऱ्याच्या वेषात: सावध राहा, आपली लेकरे सांभाळा, दहा जणांना कळवा. म्हणून म्हणतो, इशाऱ्याचीही पारख केली पाहिजे. खरा इशारा म्हणतो, पुढे अमुक आहे, तू पाहून ठरव. खोटा इशारा म्हणतो, पाहत बसू नको, ऊठ, धाव, पाठव. पहिला निवड माणसाच्या हाती देतो आणि दुसरा त्याच्या हाती दगड देतो. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सअॅपवाल्यांनी पुढे ढकललेल्या निरोपावर बाणाची खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि एका वेळी किती जणांना पाठवावे यावर बंधन घातले. फार वेळा फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात. तो बाण म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोणच समजा. त्याचा अर्थ इतकाच, की हे पाठविणाऱ्याने स्वतः लिहिलेले नाही. तुमच्या मेहुण्याने पाठविले म्हणून ते मेहुण्याने पाहिले असे होत नाही.

कोणी विचारील, गुरुजी, मग अपमान गिळून बसावे काय? मुळीच नाही. ज्याला राग येत नाही त्याची गुलामगिरी सुटत नाही. आपली सारी चळवळ रागातूनच उभी राहिली. पण जोतीरावांनी राग केला तो वाचून केला. ज्या पोथ्यांवर त्यांनी कोरडे ओढले त्या त्यांनी आधी तपासल्या, आणि मग लेखणी उचलली. राग हे आपले हत्यार आहे, आणि हत्यार ज्याच्या त्याच्या हाती देऊ नये. पुढारी म्हणतो अमक्या पुस्तकात तमके लिहिले आहे, चला. त्याला म्हणावे, दादा, ते पान दाखवा आणि चावडीवर सर्वांपुढे मोठ्याने वाचा. पुढचे आणि मागचे पानही वाचा. जो पान दाखवीत नाही त्याचे काम पुस्तकाशी नाही, आपल्या डोक्यांच्या संख्येशी आहे.

तेव्हा आपण येथून चार गोष्टी ठरवून जाऊ. गावच्या वाचनालयात कडक पुस्तके ठेवावी, आणि वाचून दाखविताना आत काय आहे ते आधी सांगावे. पूर्ण उतारा ऐकल्यावाचून कोणत्याही मोर्चात पाऊल टाकू नये. लिखाणाला उत्तर लिखाणाने द्यावे. आपल्याला लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला सांगावे, ती लिहून देईल. आणि गावात अनोळखी माणूस आला व त्याच्याविषयी काही निरोप फिरू लागला, तर त्याला आधी पाणी द्यावे, नाव-गाव विचारावे, आणि संशय वाटला तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. हात मात्र कोणी लावू नये.

अक्षर हाती यावे म्हणून आपल्या वडिलांनी शेणमातीचा मार खाल्ला. ते अक्षर न वाचता जाळण्याचा हक्क त्यांनी मागितला नव्हता. इतके बोलून मी आपली रजा घेतो.

सत्यमेव जयते.