माजघरांतील बंदूक



छंद म्हटला म्हणजे पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं किंवा फार तर समुद्रकांठचे शिंपले आपल्या डोळ्यांपुढें येतात. लष्करांतून बाद झालेल्या जुन्या बंदुका जमविण्याचा आणि त्यांची डागडुजी करण्याचा छंद कोणाला आहे असें सांगितलें, तर ऐकणारा किंचित् मागें सरकून बसतो. हा संकोच अगदींच अनाठायीं आहे असें मी म्हणणार नाहीं. कारण ज्या बंदुकीमुळें मला हा छंद लागला, तिनें एकदां माझाच प्राण घेण्याचा संभव होता, आणि मला तें तेवीस वर्षें ठाऊकही नव्हतें.

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला, धुळ्याहून सोलापुराकडे जाणारा रस्ता जेथें गोदावरी ओलांडतो, तेथें अलीकडच्या तीरावर शहागड हें गांव आहे. पैलतीर बीड जिल्ह्यांत मोडतो. या गांवीं आमच्या आजोबांचें घर होतें, आणि त्या घराच्या माजघरांत, दारावरच्या दोन सागवानी खुंट्यांवर, एक लांब बंदूक आडवी ठेवलेली असे. दसऱ्याला ती खालीं उतरावयाची, तिला हळदकुंकू व झेंडूची माळ वाहावयाची, आपट्याचीं पानें नळीवर ठेवावयाचीं, आणि दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां आपल्या जागीं जावयाची. ही बंदूक राक्षसभुवनच्या लढाईंतली, असें घरांतील लहानथोर सांगत. राक्षसभुवन आमच्यापासून लांब नाहीं. तेंही गोदेच्याच कांठीं. १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं तेथें निजामअलीच्या फौजेचा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. आमचा कोणी पूर्वज त्या गर्दींत होता आणि त्यानें ही बंदूक शत्रूच्या हातून हिसकावून आणली, एवढी कथा. त्या पूर्वजाचें नांव मात्र कोणालाच सांगतां येत नसे, आणि आम्हां मुलांना त्याचें कधीं नवलही वाटलें नाहीं.

१९७१ सालीं मी पंधरा वर्षांचा होतों. त्या वर्षीं दसऱ्याच्या आदल्या दिवशीं मीं काकांची परवानगी काढून बंदूक ओसरीवर घेतली आणि दिवसभर तिच्यावर मेहनत केली. नळी विटकरीच्या भुकटीनें घांसली. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसविलेला असतो ती पट्टी कांचकागदानें आरशासारखी केली. लांकडाला व्हार्निशचे दोन हात दिले. रॉकेलचा ओलावा जावा म्हणून रात्रीं ती चुलीजवळ उभी करून ठेवली. काम करतांना नळीचें तोंड बहुतेक वेळ माझ्या बरगडीला टेकलेलें होतें, आणि घोडा चढवून सोडण्याचा खेळ मीं किती वेळां केला त्याची गणती नाहीं. दसऱ्याला सर्वांनीं वाखाणणी केली. आजी म्हणाली, "पोरानें बंदुकीचें लग्न लावलें!" त्या कौतुकांत मी पुष्कळ दिवस होतों.

पुढें नोकरीनिमित्त शहरांत आल्यावर माझी एका वृद्ध गृहस्थांशीं ओळख झाली. ते लष्करांत आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारे कारागीर होते, आणि निवृत्तीनंतर परवान्यानें बंदुका दुरुस्त करीत. मीं आमच्या बंदुकीचें वर्णन मोठ्या अभिमानानें केलें. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "पट्टीवर काय लिहिलें आहे?" मीं सांगितलें, "कांहीं नाहीं. थोडें कांहीं खरबरीत होतें, तें मीं घांसून काढलें." ते कांहीं वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनीं चहा मागविला.

त्यांच्याकडून जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. ठासणीच्या बंदुका, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी ठासावयाच्या बंदुका, ढोबळ मानानें तीन पिढ्यांच्या. पहिली तोड्याची, तिच्यांत जळती वात कानाशीं नेऊन रंजक पेटवावी लागे. दुसरी चकमकीची, तिच्यांत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. तिसरी टोपीची, तिच्यांत तांब्याची एक लहानशी टोपी बारीक नळकांडीवर बसवितात आणि घोडा तिच्यावर पडला कीं बार उडतो. या तिसऱ्या प्रकाराचें मूळ अलेक्झांडर फोर्सिथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें १८०७ सालीं पेटंट घेतलेल्या शोधांत आहे, आणि ब्रिटिश लष्करानें तो १८४० च्या सुमारास स्वीकारला. आमची बंदूक टोपीची. राक्षसभुवनची लढाई झाली तेव्हां फोर्सिथचा जन्मही झालेला नव्हता.

मग ती होती तरी कोणती? तिचा बांधा पाहून आर्मररसाहेबांनीं ती एन्फील्डच्या घराण्यांतली ठरविली. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचें नांव १८५७ च्या उठावामुळें शाळकरी मुलांनाही ठाऊक असतें. तिच्याच चरबीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली. रायफलीच्या नळींत आंतून मळसूत्री आटे असतात. त्यामुळें गोळी गिरकी घेत सरळ व दूर जाते. आमच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत होती, आणि माऱ्याचें अंतर बदलण्याची सरकती खूण न ठेवतां मागें नुसता एक पक्का ठोकळा होता. हा कारागिराचा हलगर्जीपणा नव्हे. उठावानंतर हिंदी पलटणींच्या हातीं दूरचा नेम साधणारी रायफल राहूं नये, म्हणून त्याच बांध्याच्या पण आटे नसलेल्या बंदुका त्यांच्यासाठीं काढण्यांत आल्या. पुढेंही गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हां हिंदी शिपायाच्या हातीं तिच्या आधींची स्नायडर होती. राजसत्तेचा प्रजेवरील अविश्वास इतक्या उघडपणें लोखंडांत उतरलेला मीं दुसरीकडे पाहिलेला नाहीं. जालन्याला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. आमची बंदूक तेथून बाद होऊन आली कीं आणखी कोठून, हें पट्टीवरून कदाचित् कळलें असतें. अशा पट्टीवर मुकुट, 'टॉवर' ही अक्षरें व साल असावयाचें. कंपनीच्या अमदानींतली असती तर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह. मीं पाहिलें तेव्हां मुकुटाच्या वरच्या कमानीची एक नखाएवढी रेघ तेवढी शिल्लक होती.

हा प्रमाद मी एकट्यानेंच केला असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका व कॅनडा येथें थ्री-नॉट-थ्री रायफली लष्करी शिलकींतून स्वस्तांत विकल्या गेल्या आणि शिकारीसाठीं हलक्या व्हाव्यात म्हणून हजारों लोकांनीं त्यांचें पुढचें लांकूड करवतीनें कापून टाकलें. आज त्यांचेच वारस तें कापलेलें लांकूड परत मिळावें म्हणून जुन्या बाजारांत वणवण करीत असतात. नेपाळची गोष्ट याहून चमत्कारिक. काठमांडूच्या लगन सिलेखान्यांत दीडदोन शतकांच्या बंदुका धूळ व वंगण खात पडून होत्या. २००३ सालीं अमेरिकन व्यापाऱ्यांनीं तो सारा साठा विकत घेतला. त्यांतील बंदुकांवर देवनागरींत कोरलेले आंकडे व अक्षरें आहेत. जो संग्राहक वंगण तेवढें पुसून थांबला त्याला तीं वाचतां आलीं. ज्यानें यंत्राची चकती फिरविली त्याच्याकडे चकचकीत लोखंड राहिलें.

आपल्याकडे असा बाजार नाहीं, आणि नाहीं हेंच बरें. थ्री-नॉट-थ्री कायद्यानें निषिद्ध वर्गांत मोडते. सामान्य नागरिकानें ती घरीं ठेवण्याचा प्रश्नच येत नाहीं. पण तिची ओळख सर्वांना आहे. पोलीस ठाण्याच्या दारावरचा पहारेकरी पिढ्यान् पिढ्या हीच खांद्याला लावून उभा राहिला. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं निरोप दिला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत झालेल्या या रायफलींवर स्वातंत्र्यापूर्वीं मुकुट आणि 'जी. आर. आय.' म्हणजे जॉर्ज राजा व सम्राट अशीं अक्षरें असत; नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले. तिच्या दस्त्याच्या टोकाला पितळी झांकण असतें आणि आंतल्या पोकळींत तेलाची डबी व नळी पुसावयाची दोरी ठेवलेली असते. माझा स्वतःचा संग्रह म्हणजे अशा पितळी डब्या, दोऱ्या आणि पट्ट्यांवरच्या अक्षरांचे कागदावर घेतलेले ठसे. तो एका ट्रंकेंत मावतो आणि त्याला परवाना लागत नाहीं.

शहागडला जाऊन मीं ही सारी हकीगत काकूंना सांगितली. तो प्रसंग माझ्या चांगला लक्षांत आहे.

"काकू, ही राक्षसभुवनची नसावी."

"कोण म्हणतो?"

"ही टोपीची आहे. त्या वेळीं टोप्याच निघाल्या नव्हत्या."

काकू निवडत होत्या तें ताट बाजूला सारून म्हणाल्या, "म्हणजे मामंजी आणि त्यांचे वडील खोटें बोलले? बरें झालें बाबा, तूं शिकलास. घराण्याची एक लढाई कमी झाली."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

१९९४ सालीं काका वारले. परवाना त्यांच्या नांवावर होता. परवानेदार गेल्यावर हत्यार पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें, आणि वारसाला परवाना मिळाल्यावर तें परत मिळतें. ठाण्यांत नेण्यापूर्वीं आर्मररसाहेबांना घेऊन मी शहागडला गेलों. त्यांनीं प्रथम नळींत गज घातला, तोंडाशीं अंगठ्यानें खूण धरली, आणि तोच गज बाहेरून नळीवर ठेवून पाहिला. टोपीच्या नळकांडीपर्यंत तो पोंचावयास हवा होता. चार बोटें कमी पडला. त्यांनीं मुकाट्यानें बंदुकीचें तोंड अंगणाकडे वळविलें आणि सर्वांना मागें जावयास सांगितलें. बंदूक भरलेली होती.

ठासणीची जुनी बंदूक भरलेली सांपडणें हें या धंद्यांत नवल नाहीं; काळी दारू कोरडी राहिली तर किती वर्षांनीं धोक्याची उरत नाहीं याचा भरंवसा कोणीं देऊं नये. चुलीजवळ उभी केलेली ती बंदूक आणि माझी बरगडी मला तेव्हां आठवली. टोपी नव्हती एवढाच माझ्या आयुष्याचा आधार होता. साहेबांनीं नळींत पाणी ओतून रात्रभर ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं गजाच्या टोकाला मळसूत्री कांटा लावून आंतला ऐवज ओढून काढला. प्रथम कागदाचा बोळा, मग शिशाचे जाड छर्रे, मग दुसरा बोळा आणि शेवटीं काळा चिखल झालेली दारू. बोळा उलगडला तेव्हां त्यावर उर्दू छापील अक्षरें दिसलीं. दोन ओळी जेमतेम लागत होत्या, साल कोठेंच नव्हतें. निजामाच्या राज्यांत सरकारी कागद उर्दूंत असत, त्यामुळें एवढ्यावरून फारसें कांहीं ठरत नाहीं.

पण काकू दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोलीस ॲक्शनच्या आधींचें वर्ष. सासूबाई सांगत, मामंजी रात्रभर ओसरीवर बसत आणि बंदूक मांडीवर असे. सकाळीं वर ठेवून देत. मला वाटलें, नुसती धाक दाखवावयाला असेल." १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली. त्यानंतर एका सकाळीं आजोबांनीं ती खुंटीवर ठेवली असावी आणि बार काढावयाचा राहून गेला असावा, किंवा मुद्दाम राहूं दिला असावा. त्यांनीं तसें कोणाला सांगितलें नाहीं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसविषयीं ते कधींच बोलले नाहींत. राक्षसभुवनविषयीं मात्र तासन् तास बोलत.

पुढें चुलतभावाला परवाना मिळून बंदूक घरीं आली. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत, जुन्या नमुन्याचें किंवा पुराणवस्तु म्हणून मोलाचें हत्यार दुरुस्त करूनही चालण्यासारखें नसेल तर त्याला सूट आहे. परंतु तें चालण्यासारखें आहे कीं नाहीं हें घरच्या मंडळींनीं आपल्या मनानें ठरवावयाचें नसतें. आमची बंदूक अजून परवान्यावरच आहे. साहेबांच्या देखरेखीखालीं मीं तिचें व्हार्निश स्पिरिटनें थोडें थोडें उतरविलें. त्याला दोन सुट्या लागल्या. खालचें अक्रोडाचें लांकूड कोरडें पडलें होतें. त्याला जवसाचें तेल थेंबाथेंबानें चोळलें. गंजावर तेल लावून दिवस दिवस ठेवावें आणि जेवढा मऊ कापडानें निघेल तेवढाच काढावा, असा त्यांचा दंडक. नळी लांकडापासून सोडविली तेव्हां तिच्या पोटाशीं, जेथें माझा कांचकागद पोंचला नव्हता, जोडणाऱ्या कारागिरानें छिन्नीनें मारलेल्या तीन तिरप्या खुणा मिळाल्या. तशाच तीन लांकडावरही आहेत. पट्टीला मीं हात लावलेला नाहीं. तिच्यावर मुकुट व साल नव्यानें कोरून देणारे कारागीर मिळतात. एकानें मला तसें सुचविलेंही. पण कोणतें साल कोरूं, या माझ्या प्रश्नाला त्यानें "तुम्हांला हवें तें" असें उत्तर दिलें, तेव्हां मी उठून आलों.

ज्या श्रोत्यांच्या घरीं असें एखादें हत्यार असेल त्यांनीं तें आतांच उतरवून पाहूं नये. परवाना पाहावा, जाणत्या माणसाला बोलवावें, आणि कापड लावण्यापूर्वीं प्रत्येक अक्षराचें छायाचित्र घ्यावें.

छर्रे काकूंनीं मागून घेतले. त्यांनीं ते मोजले, एकोणीस भरले. माझ्या ट्रंकेंतली एक पितळी तेलाची डबी त्यांनीं घांसून पुसून त्यासाठीं घेतली, आणि त्या डबीवरचा शिक्काही पार गेला. दसऱ्याला ती डबी बंदुकीच्या शेजारीं पाटावर असते. राक्षसभुवनची कथा आमच्या घरांत अजून सांगतात.