गुपित किती आणि केव्हा

अमेरिकेत १९७४ साली निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आपल्याही काही नातवंडांना ठाऊक असेल. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. त्या एकाने राज्याचा सगळा प्राचीन इतिहास पहिल्याच बैठकीत वाचला, की मुले जांभया देतात.

कर्णजन्माचे गुपित पाहा. श्रोत्याला ते आदिपर्वातच कळते. कृष्ण ते कर्णापुढे मांडतो उद्योगपर्वात, बाजू बदलणे अजून शक्य असताना. युधिष्ठिराला कुंती सांगते ती थेट युद्धानंतर, तर्पणाच्या वेळी! महाकाव्याला ते शोभते. खेळात मात्र मुलांना नुसते हळहळायचे नसते, काही ठरवायचे असते. तेव्हा जुना शिलालेख लढाईआधी सापडू द्यावा. त्यातल्या दोन ओळी झिजलेल्या असाव्यात. त्या लावायला मुले पुढच्या रविवारी आपणहून जमतात.