ट्रॅक्टरच्या प्लास्टिकवर उडालेला रंग : तो काढावा कसा?

(पिंपळगाव बसवंत येथे द्राक्ष व टोमॅटो उत्पादकांपुढे दिलेले भाषण)



खंडेनवमीला आपण औजारांची पूजा करतो. त्याआधी ट्रॅक्टर, ट्रॉली, ब्लोअर धुऊन, गंज खरवडून रंगाचा एक हात दिला जातो. आपल्या निफाड तालुक्यात द्राक्षाच्या फळछाटणीचे आणि त्यामागून येणाऱ्या फवारण्यांचे दिवसही हेच. घाईत रंग मारला जातो आणि त्याचे तुषार दिव्यांवर, डॅशबोर्डवर, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, फवारणीच्या टाकीवर बसतात. मग हाताशी असलेला थिनर चिंधीवर घेऊन आपण ते पुसायला जातो. खरे नुकसान इथेच होते.

पीकशास्त्र शिकविणाऱ्याने रंगाविषयी का बोलावे, असे आपणांस वाटेल. त्याची कारणे दोन आहेत. पहिले, टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीतून परतताना अंधार होतो आणि वाट मुंबई-आग्रा महामार्गाची असते. मागून येणाऱ्या ट्रकला आपली ट्रॉली दिसते ती लाल दिव्यामुळे आणि रिफ्लेक्टरमुळे. त्यांवर रंगाचा थर असेल तर ती वेळेवर दिसत नाही. दुसरे, ब्लोअरच्या टाकीवरील लिटरच्या खुणा रंगाने झाकल्या की औषधाचे प्रमाण चुकते. समजा, ६०० लिटर पाण्यासाठी लिटरला २ ग्रॅमप्रमाणे १२०० ग्रॅम औषध घेतले. पण खूण न दिसल्याने पाणी ५०० लिटरच भरले. द्रावण लिटरला २.४ ग्रॅमचे, म्हणजे वीस टक्के तीव्र झाले. कोवळ्या फुटीवर ताम्रयुक्त औषध असे तीव्र गेले तर पाने करपण्याचा धोका असतो.

तुषार उडतात कसे?

हे आपणांस नव्याने सांगायला नको. दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि बारीक थेंब वाऱ्याबरोबर दूर जातात, हा फवारणीतला अनुभव आहे. रंगाच्या गनचेही तसेच. दूर जाणारा थेंब वाटेतच थोडा वाळतो आणि खडबडीत कणासारखा चिकटतो. असा अर्धवट वाळलेला थेंब प्लास्टिकमध्ये मुरत नाही, वरवर बसतो. त्यामुळे बहुतेक वेळा तो थिनरशिवाय निघतो.

आधी प्लास्टिक ओळखा

लोखंड थिनरने विरघळत नाही. काही प्लास्टिके विरघळतात. भागाच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांत प्लास्टिकच्या जातीची खूण बहुधा कोरलेली असते. ती पाहावी.

१. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) : बंपर, काळ्या खडबडीत पट्ट्या. हे प्लास्टिक चिवट असून त्यावर रंग पक्का धरत नाही.

२. पीई (पॉलीइथिलीन) : फवारणीची टाकी, कॅन. हेही चिवट.

३. एबीएस : डॅशबोर्ड, गुळगुळीत आवरणे. थिनर किंवा ॲसिटोनने हे मऊ पडून चिकट होते.

४. पीसी (पॉलीकार्बोनेट) आणि ॲक्रिलिक : दिव्यांच्या काचा. थिनरने यांवर केसासारखे तडे पडतात आणि काच कायमची धुरकट होते.

रंग कोणता व किती जुना?

सिंथेटिक इनॅमल हवेतील प्राणवायूमुळे हळूहळू कडक होते. वरून काही तासांत सुकले तरी पूर्ण घट्ट व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत काढल्यास श्रम कमी पडतात. हार्डनर मिसळलेला पीयू रंग मात्र एकदा घट्ट झाला की पुन्हा विरघळत नाही. तो खरवडून किंवा घासूनच काढावा लागतो. त्यावर थिनर चोळत बसल्यास रंग राहतो आणि खालचे प्लास्टिक जाते.

काढण्याचा क्रम

सौम्य उपायापासून सुरुवात करावी. एक उपाय पुरा पडला नाही तरच पुढच्याकडे वळावे.

१. भाग सावलीत गार होऊ द्यावा. साबणाच्या पाण्याने धूळ आणि औषधाचा थर धुऊन काढावा. धुळीसकट घासल्यास ओरखडे पडतात.

२. साबणाचे पाणी लावून ओले ठेवावे आणि प्लास्टिकचे जुने कार्ड किंवा बांबूची चपटी काडी तिरपी धरून रंगाचे कण उचकटावेत. पीपी आणि पीई यांवरील बराचसा रंग इथेच निघतो. लोखंडी ब्लेड वापरू नये.

३. गुळगुळीत आवरणांसाठी गॅरेज-साहित्याच्या दुकानात मिळणारा क्ले बार चांगला. साबणाच्या पाण्याचा ओलावा ठेवून तो हलक्या हाताने फिरवावा. खडबडीत पट्टीवर वापरू नये. कण खाचांत अडकतात.

४. खडबडीत काळ्या पट्टीवर रंग राहिल्यास औषधाच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन अर्धा मिनिट टेकवावे आणि दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने घासावे. आधी न दिसणाऱ्या जागी रुपयाएवढ्या भागावर लावून पाच मिनिटे थांबावे. प्लास्टिक चिकट किंवा निस्तेज झाले तर तेथेच थांबावे.

५. इनॅमल रंग तरीही न निघाल्यास, फक्त पीपी किंवा पीईवर, चिंधीला थोडे टर्पेंटाइन लावून पुसावे आणि लगेच साबणाने धुवावे. एबीएस आणि दिव्यांवर हे वापरू नये.

दिवे, रिफ्लेक्टर व टाकी

दिव्याच्या काचेवर साबणाचे पाणी, नख आणि मऊ कापड एवढेच वापरावे. राहिलेले बारीक ठिपके प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने घासावेत. अल्कोहोलही नको, कारण ॲक्रिलिकला त्याने तडे जाऊ शकतात. चमकपट्टीवर रंग बसला असेल तर ती घासत बसू नये, नवी लावावी. शेवटी अंधारात ट्रॉली उभी करून पन्नास पावलांवरून बॅटरीच्या उजेडात पाहावी. तेथून पट्टी चमकली नाही, तर काम अपुरे आहे असे समजावे.

टाकीचा रंग बाहेरूनच काढावा. थिनर किंवा टर्पेंटाइन टाकीच्या आत कधीही जाऊ देऊ नये. ते प्लास्टिकमध्ये शोषले जाते, नळीचे रबर फुगते आणि उरलेला अंश फवाऱ्यातून वेलीवर जातो. मूळ खुणा पुसल्या गेल्या असतील तर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मापाच्या बादलीने पाणी भरावे आणि दर ५० लिटरला न पुसणाऱ्या शाईची खूण करावी. तासाभराचे काम आहे. पुढचा सारा हंगाम प्रमाण बरोबर राहते.

हे टाळा

पेट्रोलने पुसू नका. आगीचा धोका आहे. जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या पिवळ्या, केशरी व लाल रंगांत शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु तो नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे. म्हणून पाणी लावून घासावे, मुलांना दूर ठेवावे. हार्डनरच्या रंगातील आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असून तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. असा रंग योग्य साधने असलेल्या गॅरेजवाल्याकडूनच मारून घ्यावा. इनॅमल किंवा टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून गोठ्यात, गवताजवळ टाकू नका. ढिगात त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात. धुण्याचे पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात जाऊ देऊ नये.

झाकणे हाच खरा उपाय

शेजारच्या ओझरला विमानांचा कारखाना आहे. विमान रंगवायचे म्हटले की आधी त्याच्या काचा झाकल्या जातात, कारण रंग आणि सॉल्व्हंट काचेवर गेल्यावर निस्तरणे महाग पडते. आपल्यालाही तेच लागू आहे. दिवे, मीटर, टाकी आणि पट्ट्या यांवर वर्तमानपत्र व मास्किंग टेप लावावी. टेप त्याच दिवशी काढावी. ट्रॅक्टरच्या सुट्या होणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या खोलूनच ठेवाव्यात. फवारणीसारखीच रंगालाही वारा पडलेली सकाळ निवडावी. बागेपासून आणि वाळत घातलेल्या मालापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला काम करावे.

बंधू-भगिनींनो, रंगाने औजार गंजापासून वाचते, म्हणून तो जरूर द्यावा. पण दिव्याचा उजेड आणि टाकीची खूण झाकून दिलेला रंग शेवटी आपल्यालाच महागात पडतो. यंदा औजारे रंगवण्यापूर्वी अर्धा तास झाकण्यासाठी राखून ठेवा आणि थिनरची बाटली प्लास्टिकपासून लांब ठेवा, एवढीच विनंती करून मी थांबतो.