पालकांसाठी गणिताचा तास
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अशा मंगल प्रसंगी गणितासारखा रूक्ष विषय का निवडला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चोपड्या आणि खतावण्या सांभाळल्या, त्याच समाजातील मुले गणिताचा तास आला की खाली मान घालून बसतात, हे मी माझ्या अध्यापनाच्या काळात वारंवार पाहिले आहे. म्हणून हा विषय. आणि प्रारंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. ५२ मधून २७ वजा करा म्हटले की त्याचे उत्तर १५ येई. मी वहीवर लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारीत असे. शेरा पाहून घरी वडील रागावत. पुढे पुढे तो वही दाखवीनासा झाला. अखेर वडिलांना शाळेत बोलावले आणि तेच उदाहरण फळ्यावर सोडविण्यास सांगितले. त्यांनी आपल्या लहानपणीच्या रीतीने सोडविले : बारातून सात गेले पाच, हातचा एक; दोन आणि एक तीन; पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. अगदी बरोबर. वर्गात मी शिकवीत होतो ते असे : पाच दशकांपैकी एक दशक सुटा केला, राहिले चार दशक आणि बारा एकक. उत्तर तेच.

मुलाने दोन्ही वडीलधाऱ्यांचा मान राखला होता! शाळेच्या रीतीप्रमाणे पाचाचे चार केले आणि घरच्या रीतीप्रमाणे दोनाचे तीनही केले. चारातून तीन गेले, राहिला एक. ज्याला मी निष्काळजीपणा म्हणत होतो, तो आज्ञाधारकपणा होता. शिकविणारे आम्ही दोघे एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो, आणि मार त्या लेकराने खाल्ला.

आमच्या शाळेतील पालक-कार्यशाळांचा उगम हा. शनिवारी दुपारी चार ते साडेपाच ही वेळ ठेवली, म्हणजे चौविहार पाळणाऱ्यांनाही वेळेत घरी पोहोचता येते. पालकांना मुलांच्याच बाकांवर बसवितो. भाषण देत नाही, उदाहरणे देतो. पहिल्याच दिवशी एका भगिनीने कागदाला पेन्सिल न लावता उत्तर दिले. विचारले, ‘कसे केलेत?’ त्या म्हणाल्या, ‘दुकानात सुटे परत देतो तसे. सत्तावीसला तीन दिले की तीस, वर वीस दिले की पन्नास, आणखी दोन. झाले पंचवीस.’ बाकावरील पदवीधर मंडळी त्यांच्याकडे पाहतच राहिली. त्या मात्र आरंभी म्हणाल्या होत्या, ‘मला गणित अजिबात येत नाही हो.’

हे वाक्य आपण मुलांदेखत किती सहज बोलतो! २०१५ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी पहिली-दुसरीतील मुलांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करीत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली. धास्ती असूनही जे फारशी मदत करीत नव्हते, त्यांच्या मुलांत असा परिणाम दिसला नाही. म्हणजे प्रश्न पालकांच्या अज्ञानाचा नाही; मदतीबरोबर जी भीती हाती दिली जाते, तिचा आहे.

दुसरी अडचण आपल्या संख्यानामांची. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मूल ऐकल्याप्रमाणे ७२ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असेही वाचन सुचविले गेले, तेव्हा केवढी टिंगल झाली ते आपणास आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका शांतपणे समजावून सांगितली होती. त्या २०२३ मध्ये गेल्या. सर्वांनी ती रीत स्वीकारावी असा माझा आग्रह नाही. जुनी नावे मलाही प्रिय आहेत. परंतु आजी ‘एकोणऐंशी’ म्हणते आणि इंग्रजी माध्यमातील नातू गोंधळतो, तेव्हा त्याला हसू नये. शंभर नावे त्याने वेगवेगळी पाठ करायची आहेत.

आजीवरून आठवले. एका कार्यशाळेत नातवाबरोबर आलेल्या आजींनी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घडाघडा म्हणून दाखविली. नातू तेव्हा अपूर्णांक शिकत होता. पाव आणि पाऊण यांची बेरीज एक होते, हे त्याला त्या दिवशी आजीकडून उमगले. माझ्या फळ्यावरून उमगले नव्हते.

आपल्या परंपरेत हे नवे नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरण्याची रीत त्यात आहे, आणि उदाहरणे फळे, फुले, मोती अशा जिव्हाळ्याच्या वस्तूंची आहेत. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. किती घरांत तो आहे, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

पालक विचारतात, ‘मग घरी करायचे तरी काय?’ मी सांगतो, रीत शिकवू नका, रीत विचारा. उत्तर चुकले तरी आणि बरोबर आले तरी, ‘कसे केलेस?’ एवढेच विचारा आणि त्याचे सांगणे पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणे सर्वांत कठीण जाते, विशेषतः वडिलांना. आपली जुनी रीत जरूर दाखवा. मात्र शाळेची रीत मुलाकडून आधी समजून घेऊन मग.

आजवर या वर्गांना माताच अधिक येतात. बंधूंना दुकान सोडवत नाही, हे मी जाणतो. पुढील कार्यशाळेला एखादा शनिवार नोकरांवर सोपवून यावे, ही नम्र विनंती. येताना मुलाची वही आणावी. खाडाखोड केलेली, रबराने खोडून पान फाटलेली असली तरी तीच आणावी, नवी नको. लाल शेऱ्यांसाठी जबाब द्यायला मी बसलेलो असेन.