निर्वात बाटलीची मर्यादा

33/11 केव्ही उपकेंद्रातल्या फीडर पॅनेलमध्ये आज बहुतेक ठिकाणी व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर दिसतो. त्याचे सारे बळ प्रत्येक फेजच्या सीलबंद सिरॅमिक बाटलीत असते. बाटलीत दोन कॉन्टॅक्ट असतात, एक पक्का आणि एक सरकणारा. 11 केव्हीला ते जेमतेम सेंटिमीटरभर दूर होतात. आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या एक कोटीव्या हिश्शाहून कमी राहावा लागतो. 1926 साली अमेरिकेत सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी निर्वातात करंट तोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वायुमुक्त धातू आणि टिकाऊ सील हाती यायला मात्र आणखी तीसेक वर्षे गेली.

निर्वातात जळायला काही नसते, तरी आर्क पेटतो, कारण तो कॉन्टॅक्टच्याच धातूच्या वाफेवर जगतो. म्हणून या ब्रेकरच्या बहुतेक मर्यादा पोकळीच्या नसून धातूच्या पृष्ठभागाच्या आहेत.

करंट कमी असेल तर आर्क अनेक सूक्ष्म ठिपक्यांत विखुरतो. तांब्यावर असा एकेक ठिपका सुमारे 100 अँपिअर वाहतो. करंट शून्यावर आला की वाफ काही मायक्रोसेकंदांत निवते आणि मार्ग बंद होतो. 10 किलोअँपिअरच्या आसपास मात्र चित्र पालटते. आर्क आकसून एका जागी बसतो, तिथला धातू वितळतो आणि शून्यानंतरही वाफ सोडत राहतो. तेवढ्यात ब्रेकरच्या टोकांवर व्होल्टेज चढले की आर्क पुन्हा पेटतो. यावर तोड म्हणून कॉन्टॅक्टला सर्पिल चिरा देतात. करंटच्याच चुंबकीय क्षेत्राने आर्क पृष्ठभागावर फिरत राहतो. दुसऱ्या रचनेत अक्षाच्या दिशेचे क्षेत्र त्याला विखुरलेलाच ठेवते. ही दुसरी युक्ती मोठ्या करंटला अधिक उजवी आहे.

व्होल्टेजची अडचण जास्त चिवट आहे. अंतर दुप्पट केले तरी निर्वाताची सहनशक्ती दुप्पट होत नाही. पृष्ठभागावरचा एखादा सूक्ष्म उंचवटाही निर्णायक ठरतो. त्यामुळे वितरणाच्या व्होल्टेजला व्हॅक्यूम निर्विवाद पुढे असला, तरी 400 केव्हीला एसएफ-6 वायूचे ब्रेकरच रुळले.

लहान करंट तोडताना उलटाच दोष उद्भवतो. शून्य येण्याआधीच आर्क विझतो आणि मोटर किंवा रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेजचा झटका बसतो. शुद्ध तांब्यात ही तोड पंधराएक अँपिअरवर होते. तांबे-क्रोमियमच्या मिश्रणात ती तीन ते पाच अँपिअरवर येते. मोटर फीडरवर तरीही सर्ज सप्रेसर हवाच.

झीज हळूहळू होते. सरकत्या दांड्यावरच्या खुणेवरून कॉन्टॅक्ट किती झिजले ते कळते. साधारण तीन मिलिमीटरवर बाटली बदलतात. दांड्याभोवतीची भात्यासारखी घडीची स्टीलची नळी दर हालचालीला वाकते. तिला तडा गेला की हवा आत शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ती शिरली का हे तपासायला 12 केव्ही वर्गाच्या ब्रेकरचे कॉन्टॅक्ट उघडे ठेवून दोन टोकांत एक मिनिट 28 केव्ही देतात. पारखणारे ते मिनिट टाळणे धोक्याचे आहे. नापास बाटली दुरुस्त होत नाही, ती काढून नवी बसवावी लागते.